भाची रिदमिक जिम्नॅस्ट आहे. वय अकरा. पुढे काय?

अबोली_ठाणे
माझी भाची सहा वर्षांपासून रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकतेय. आता सहावीत आहे. शाळा सुटली की तिथूनच क्लासला जाते, रोज साडेतीन-चार तास, रविवारी सकाळीही. यंदा जिल्ह्याच्या संघात नाव आलं. घरात आनंद झाला आणि त्याच रात्री वादही झाला. दादाचं म्हणणं असं, की या खेळातल्या मुली विशी-बाविशीत थांबतात, मग दहावी-बारावीची वर्षं यात घालवायची कशासाठी? वहिनी म्हणते, मुलगी जमिनीवर पाय ठेवत नाही एवढी खूश असते, ते मोजायचं की नाही?
मला मधे पडायचं नाहीये, पण माहिती हवी आहे. राष्ट्रीय संघापर्यंत पोचणाऱ्या रिदमिक जिम्नॅस्टचं आयुष्य नेमकं कसं असतं? कधी सुरू होतं, कधी संपतं, मधे काय काय द्यावं लागतं? जवळून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा
दीपा कर्माकर खेळायची तेच ना हे? त्या प्रोडुनोवा उडीवालं?

अबोली_ठाणे
नाही. दीपा आर्टिस्टिक जिम्नॅस्ट, तिचं व्हॉल्ट. रिदमिकमध्ये हातात साहित्य असतं: हूप, बॉल, क्लब्ज (छोट्या मुद्गलांसारखी जोडी), रिबन. १३ बाय १३ मीटरचा गालिचा आणि संगीत. एका साहित्याला सव्वा ते दीड मिनिट.

रानवारा
अच्छा, ती लांब फीत फिरवतात ते! टीव्हीवर लागलं की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची. खेळाचं नाव आज कळलं.

पंजा_ताठ
अबोलीताई, मी हा खेळ बारा वर्षं केला. महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, शिबिरापर्यंत गेले, भारताच्या संघात मात्र आले नाही. त्यामुळे मी लिहिते ते दारापर्यंतचं आहे, आतलं नाही.

सुरुवात पाच-सहाव्या वर्षीच होते, त्यात घाई कोणी केलेली नसते. कंबर आणि खुबे त्या वयात सैल असतात आणि हातांना साहित्याची सवय लागायला वर्षं लागतात. क्लब हवेत दोन फेऱ्या घेतो तोवर आपण खाली लोळण घेऊन, त्याच्याकडे न बघता तो पायाने पकडायचा, हे पंधराव्या वर्षी नव्याने शिकून होत नाही. दहा-बारापर्यंत शरीर घडतं, तेरा ते पंधरा ज्युनिअर आणि सोळा पूर्ण होतात त्या वर्षापासून सीनिअर. म्हणजे नेमकं दहावीचं वर्ष. तुमच्या दादाची काळजी खोटी नाही.

रोजचं सांगते. पहिला तास नुसता ताणण्याचा आणि बारचा, म्हणजे दांडा धरून करायच्या व्यायामाचा. मग साहित्य. मग संच, म्हणजे संगीतावरची पूर्ण रचना, तुकड्या-तुकड्याने आणि शेवटी सलग. आमच्या हॉलमध्ये रिबनच्या वेळी पंखे बंद. मे महिन्यात मुंबईत पंखे बंद करून सहा मीटरची रिबन फिरवून बघा. जरा वारा लागला की तिची गाठ होते, आणि गाठ झाली की संच संपला. हूपची मोठी गोल पिशवी घेऊन लोकलच्या लेडीज डब्यात चढायचे तेव्हा बायका विचारायच्या, "काय गं, रिंगण कसलं?" पुढे त्याच बायका मला जागा धरून ठेवायला लागल्या.

एकविसाव्या वर्षी कंबरेने सांगितलं, बस्स. आता एका शाळेत शिकवते. मला कोणी विचारलं तर मी बारा वर्षांतलं एकही वर्ष परत करणार नाही.

सावनी७७
पंजा_ताठ, शेवटची ओळ वाचून डोळ्यात पाणी आलं.

वांद्रे_ते_विरार
आमच्या कन्येने घरात रिबनचा सराव केला आणि रिबन पंख्यात गेली. तीन फेऱ्यांत सगळी गुंडाळली. आजी म्हणाली, देवीला नेसवायला वस्त्र तयार झालं.

फेलबाखची_पायवाट
मी स्टुटगार्टजवळ राहते. (अवांतर: मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत.) एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, थोडं पुढे गेलं की फेलबाख, आणि त्याचाच भाग श्मिडेन. जर्मनीच्या रिदमिक राष्ट्रीय संघाचं केंद्र तिथे आहे. बाहेरून दिसायला साधी इमारत. मी कितीदा तिच्यासमोरून सायकलने गेलेय आणि आत काय चाललंय ते मला माहीतच नव्हतं.

आत दार्या वारफोलोमेयेव होती. जन्म २००६, सायबेरियातल्या बार्नाउलचा. आजोबा जर्मन, म्हणून जर्मनीचा धागा. बाराव्या वर्षी ती एकटी इथे आली. भाषा येत नव्हती. म्हणजे तुमच्या भाचीपेक्षा एका वर्षाने मोठी मुलगी आईवडिलांना सोडून दुसऱ्या देशात! मला तर माझ्या लेकीला शाळेच्या सहलीला पाठवताना झोप येत नाही.

तिची प्रशिक्षक यूलिया रास्किना, सिडनी २००० ची रौप्यविजेती, बेलारूसची. २०२३ च्या वॅलेन्सिया जागतिक स्पर्धेत दार्याने वैयक्तिक पाचच्या पाच सुवर्णं घेतली आणि पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण: १४२.८५०. मागे बल्गेरियाची बोर्याना कालेन १४०.६००, तिसरी इटलीची सोफिया राफाएली १३६.३००. चौथी मार्गारिटा कोलोसोव, तीही जर्मन. त्याआधी या खेळात जर्मनीला ऑलिंपिक पदक मिळालं होतं ते १९८४ ला, रेगिना वेबरचं कांस्य. चाळीस वर्षं! पॅरिसच्या वर्षी, २०२४ ला, दार्या जर्मनीची सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. पॅरिसला ती सतरा वर्षांची होती.

मोजपट्टी
१४२? लंडनला कानायेवाला ११६.९ होते आणि बीजिंगला ७५.५. गुण एवढे कसे वाढले कुणाला वाटलं तर: खेळ दुप्पट झाला नाही, मोजायची पद्धत बदलली. २००८ ला एका साहित्याला कमाल २०, म्हणजे चारला ८०. २०१२ ला कमाल ३०, म्हणजे १२०. नंतर काठिण्याचे गुण वरून मोकळे सोडले आणि २०२२ पासून कलात्मकतेचे दहा गुण वेगळे धरले. वेगवेगळ्या ऑलिंपिकचे आकडे शेजारी ठेवून कोण मोठी हे ठरवता येत नाही.

नाट्यसंगीत_प्रेमी
मोजपट्टी, गुण शेजारी ठेवता येत नाहीत हे खरं, पण फरक ठेवता येतो! येवगेनिया कानायेवा, ओम्स्कची. बीजिंगला अठरा वर्षांची होती आणि दुसरीपेक्षा ३.५७५ ने पुढे. दुसरी इन्ना झुकोवा आणि तिसरी आन्ना बेसोनोवा यांच्यात फरक किती? ०.०५०. म्हणजे बाकीच्या एका बसमध्ये दाटीवाटीने आणि ही एकटी पुढच्या स्टॉपवर उभी. लंडनला परत सुवर्ण. वैयक्तिक सुवर्ण दोनदा जिंकणारी ती पहिली. २००९ च्या मिए आणि २०११ च्या माँपेलिए जागतिक स्पर्धांत सहा-सहा सुवर्णं, एकूण जागतिक सुवर्णं सतरा.

मला ती का आवडते ते सांगतो. इतर जणी बॉल फेकतात आणि पकडतात. तिच्या हातात बॉल येतो तेव्हा तो थांबत नाही, हातावरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर वाहत जातो. चांगला गवई समेवर येतो तेव्हा आपटत नाही ना, तसं. हे मी गेली पंधरा वर्षं बघतोय, अजून पोट भरलेलं नाही.

आणि हो, बाविसाव्या वर्षी निवृत्त. २०१२ च्या डिसेंबरात. अबोलीताईंच्या दादांचा मुद्दा इथेही लागू.

कृष्णाकाठ
बाविसाव्या वर्षी म्हंजे आमच्याकडं पोरगी एमपीएस्सीचा पहिला अर्ज भरती. तवर हिचं सगळं जिंकून झालं!

मोजपट्टी
अबोलीताईंच्या दादांच्या 'विशीत संपतं' या नियमाला एक मोठा अपवाद नोंदवतो. स्पेनच्या व्हितोरियाची आल्मुदेना सिद. अटलांटा १९९६, सिडनी २०००, अथेन्स २००४, बीजिंग २००८: चारही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. नववी, नववी, आठवी, आठवी. पदक एकही नाही. बीजिंगला २८ वर्षांची होती. शेवटचा संच संपल्यावर तिने वाकून गालिच्याचं चुंबन घेतलं.

सावनी७७
चारदा अंतिम फेरी आणि पदक नाही. तरी मुका घेतला गालिच्याचा. या एका मुलीवर वेगळा धागा काढा कोणीतरी.

पंजा_ताठ
+१. आम्हाला तिची उदाहरणं द्यायच्या आमच्या ताई. 'आठवी आली म्हणजे हरली नाही, जगात सात जणीच पुढे आहेत.'

धुरंधर_डोंबिवली
पण टोकियोचं काय? तिथे सरळसरळ अन्याय झाला. इस्रायलच्या लिनोय आश्रमच्या हातून रिबन पडली, तरी सुवर्ण तिला. दिना आव्हेरिनाची काहीच पडली नाही आणि तिला रौप्य. अशा खेळात पोर कशाला घालायची, जिथे पंच ठरवतात?

मोजपट्टी
१०७.८०० आणि १०७.६५०. फरक ०.१५०. रिबन पडल्याचे गुण आश्रमचे कापले गेलेच. पण चारही साहित्यांची बेरीज असते, आणि तिच्या रचनांचं काठिण्य बेरजेत तेवढं पुढे राहिलं. रशियाने गुणांवर हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. २००० ते २०१६ सलग पाच वैयक्तिक सुवर्णं रशियाची होती: बार्सुकोवा, काबायेवा, कानायेवा दोनदा, मामून. तो धागा तुटला म्हणून आवाज जास्त झाला.

धुरंधर_डोंबिवली
डोळ्यांना दिसतं ते बेरजेत दिसत नसेल तर बेरीज चुकीची आहे. माझं मत बदललेलं नाही.

नाट्यसंगीत_प्रेमी
धुरंधर, साहित्य पडण्यावरच निकाल लागला असता तर सिडनीला काबायेवाचं हूप हातून सुटून बाहेर गेलं तरी तिला कांस्य मिळालं, तेही चूक म्हणावं लागेल. चार वर्षांनी तीच अथेन्सला सुवर्ण घेऊन गेली. मला आव्हेरिनाबद्दल वाईट वाटतं, तिने आयुष्य दिलं होतं. आश्रमबद्दल अजिबात वाईट वाटत नाही, तिनेही दिलं होतं.

रानवारा
थांबा थांबा. ०.१५० म्हणालात? रिओला दीपाचं कांस्य किती गुणांनी हुकलं होतं?

मोजपट्टी
दीपा १५.०६६, स्विस गिउलिया श्टाइनग्रुबर १५.२१६. ०.१५०! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रानवारा, मानलं.

सावनी७७
एवढ्याशा फरकाने एकीकडे सुवर्ण, दुसरीकडे चौथा नंबर. अंगावर काटा आला.

निरामय
मी फिजिओथेरपिस्ट आहे, या खेळातल्या मुली माझ्याकडे येतात. कारकिर्दीबद्दल बोलताना शरीराबद्दल बोललंच पाहिजे.

रिदमिकमध्ये पाठ मागे वाकवणं पुनःपुन्हा होतं आणि बहुतेक वेळा एकाच बाजूने, कारण प्रत्येकीचा एक पाय 'चांगला' असतो. त्यामुळे मणक्याच्या खालच्या भागात ताणाचं बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. वाढत्या वयात कंबरदुखी 'अंग मोडून आलंय' म्हणून सोडून देऊ नका. दोन-तीन आठवडे राहिली, वाकल्यावर वाढत असली तर दाखवा. दुसऱ्या बाजूचाही व्यायाम करवून घेणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याचे पाय धरा.

दुसरं जास्त गंभीर. बारीक दिसण्यासाठी मुली कमी खातात किंवा त्यांना कमी खायला लावलं जातं. शरीराला पुरेसं मिळालं नाही की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि हाडं भरायची वर्षं नेमकी हीच असतात. पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टर गाठा, 'खेळाडूंचं असं असतंच' हे ऐकून घेऊ नका. २०२२ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी जिम्नॅस्ट पुढे येऊन बोलल्या: रोजचं वजन, सगळ्यांसमोर अपमान. जागतिक पदकं मिळवणाऱ्या संघातल्या मुली होत्या त्या. पदकामागे हे असेल तर ते पदक मला नको.

अबोलीताई, क्लासमध्ये वजनकाटा कुठे ठेवलाय आणि तो कशासाठी वापरतात, एवढं जाऊन बघा.

पंजा_ताठ
निरामय, पूर्ण सहमत. माझ्या वेळी एका शिबिरात जेवणाच्या ताटावर नजर ठेवली जायची. मी रात्री पिशवीत शेंगदाणा लाडू लपवायचे. आईने करून दिलेले. त्या लाडवांनी माझी हाडं वाचवली असं मी आजही मानते.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याकडे झाल्या, तेव्हा पहिल्यांदा हा खेळ प्रत्यक्ष पाहिला. तुमच्या ठाण्याची संयुक्ता काळे! चार सुवर्णं आणि एक रौप्य, आणि आर्टिस्टिक जिम्नॅस्ट प्रणती नायकबरोबर स्पर्धेतली सर्वोत्तम महिला खेळाडू. टीव्हीवर दिसतं ते सगळं सोपं वाटतं. समोर बसलं की हूप उतरताना हवेचा आवाज येतो आणि मुलीचा श्वास ऐकू येतो. माझी बायको शेजारी हात जोडून बसली होती, पडू नये म्हणून.

अबोली_ठाणे
मांडवीकाठ, भाचीच्या कपाटाच्या दारावर तिचाच फोटो आहे!

पंजा_ताठ
आता ठाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून रिदमिकला उतरलेल्या तिघी: अक्षता शेटे, क्षिप्रा जोशी, पूजा सुर्वे. तिघीही आपल्याच. पूजाताई पुढे ठाण्यात शिकवायला लागल्या, आणि संयुक्ता त्यांच्याकडे घडली. पंचकुलाच्या खेलो इंडियात संयुक्ताने पाच सुवर्णं घेतली ती त्याच हॉलमधल्या सरावावर.
म्हणून 'विशीत संपतं' हे मला पटत नाही. गालिच्यावरचं संपतं. कडेला उभं राहून दुसरीच्या कोपराचा कोन सुधारणं तिथून सुरू होतं.

धुरंधर_डोंबिवली
हे सगळं छान. पण ऑलिंपिकला भारताची एक तरी रिदमिक जिम्नॅस्ट गेली आहे का?

मोजपट्टी
नाही. आजवर एकही नाही. कारण जागाच फार कमी. पॅरिसला वैयक्तिक प्रकारात सगळ्या जगातून २४ जणी, एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. सांघिकमध्ये १४ संघ. आणि आशियातून चीन, जपान, कोरिया, उझबेकिस्तान, कझाकिस्तान रांगेत पुढे. चीनने तर पॅरिसला सांघिक सुवर्ण घेतलं. त्यासाठी नुसती गुणी मुलगी पुरत नाही. बाराही महिने मिळणारा पूर्ण मापाचा गालिचा, उंच छत, परदेशातल्या स्पर्धांचा खर्च, सगळं लागतं. छत कमी उंचीचं असेल तर मुलगी उंच फेकायला शिकतच नाही, इतकं साधं आहे ते.

फेलबाखची_पायवाट
कोरियाची सोन येऑन-जे आठवली. तिच्याआधी या खेळात कोरियाचं नाव कोण घेत होतं? रशियात नोवोगोर्स्कला जाऊन सराव केला, लंडनला पाचवी, रिओला चौथी, २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. एक मुलगी उभी राहिली आणि देशाने बघायला सुरुवात केली. आपल्याकडेही कोणीतरी पहिली असणार आहेच.

कृष्णाकाठ
आमच्याकडं दोरीवरच्या मल्लखांबाच्या पोरी बघा एकदा. दोरीवर उलट्या लटकून पाठीची कमान करत्यात. लवचिकपणा आपल्या मातीत हाय. त्या पोरींच्या हातात हूप द्या कुणीतरी.

पंजा_ताठ
कृष्णाकाठ दादा, माझ्याबरोबरची एक मुलगी मल्लखांबातूनच आली होती. ताकद जबरदस्त. पण पंजा ताठ ठेवायला तिला दोन वर्षं लागली, कारण दोरीला पाय आवळायची सवय. उलटही खरं, आम्हाला तिच्यासारखं लोंबकळता यायचं नाही.

एक_आई_नाशिक
मी एवढे दिवस फक्त वाचत होते. आमच्या मुलीने चौदाव्या वर्षी सोडलं. आम्ही नाही सांगितलं, तिनेच सांगितलं. एक दिवस म्हणाली, "आई, आता मला संगीत ऐकू येत नाही, फक्त आकडे ऐकू येतात." त्या दिवशी संध्याकाळी क्लासला गेलो नाही, भेळ खायला गेलो. आता ती भरतनाट्यम करते आणि तिच्या गुरू म्हणतात, हिला शिकवायला काहीच कष्ट नाहीत.
अबोलीताई, दादांना सांगा, निर्णय आज एकदाच घ्यायचा नसतो. दर वर्षी मुलीला विचारा. आणि विचाराल तेव्हा तिचं उत्तर ऐका, आपलं नको.

व्यवहार_आधी
कोरडी माहिती देतो, पण उपयोगाची. राज्य-राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंना दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी जपून ठेवा, तारीख आणि पातळी तपासा. आमच्या घरात एका प्रमाणपत्रावर नावातली वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त व्हायला सात महिने लागले आणि तोवर अर्जाची मुदत गेली.

अबोली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी दादा-वहिनी जेवायला आले होते. मी हा पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. दादा दीपाच्या आणि आश्रमच्या ०.१५० ला थांबला, मला परत वाचायला लावलं. वहिनीने निरामय यांचा प्रतिसाद स्वतःच्या फोनवर घेतला, आणि आज क्लासला जाऊन वजनकाट्याबद्दल विचारून आली. काटा नाहीच आहे तिथे. ताईंनी उलट डब्यात काय आणतेस ते विचारून पोळी-भाजी वाढवायला सांगितलीय.

ठरलं असं: दहावीपर्यंत चालू ठेवायचं आणि दर दिवाळीत तिला विचारायचं, नाशिकच्या ताई म्हणाल्या तसं. पहिल्यांदा कालच विचारलं. तर म्हणाली, "आत्त्या, आल्मुदेनाचं आडनाव परत सांग ना, वहीत लिहायचंय."

पुढच्या शनिवारी तिची जिल्हा स्पर्धा आहे. आत्ता तिची रिबन इस्त्री करतेय. सुरकुती राहिली तर वळण तुटतं म्हणे. पाच मीटर आहे, निम्मी झाली.

पंजा_ताठ
इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती कापड घ्या, नाहीतर चिकटेल. झाल्यावर घडी घालू नका, काठीवरच सैल गुंडाळा. शनिवारी किती वाजता आहे? मी येते.